सातवीचा वर्ग कुठे भरतो?

कोपरखैरण्यातील एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सहावीच्या वर्गशिक्षिका असलेल्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. मुलीची ओळख पटेल असे तपशील वगळून त्यातील मुख्य भाग येथे देत आहे.

"माझ्या वर्गात काबूलहून आलेली बारा वर्षांची मुलगी आहे. हे कुटुंब आधी दिल्लीत होते आणि गेल्या वर्षी नवी मुंबईत आले. घरी ते दरी भाषा बोलतात. मुलीला हिंदी बऱ्यापैकी समजते. ती अतिशय आज्ञाधारक आहे. मी वर्गात शिरले की सगळ्यांच्या आधी उभी राहते आणि मी 'बस' म्हणेपर्यंत बसत नाही. पण बोलत मात्र नाही. दप्तर खाली ठेवत नाही, मांडीवर घेऊन बसते. वही उलट्या बाजूने उघडते. आधार कार्ड आणण्याबद्दल कार्यालयाची चिठ्ठी दर आठवड्याला वर्गात येते आणि ती मला वाचून दाखवावी लागते. तिच्यावर ताण नको म्हणून मी तिला गृहपाठातून सूट दिली आहे. २० जूनला जागतिक निर्वासित दिन होता, म्हणून मी परिपाठाच्या वेळी तिला पुढे बोलावून तिच्या प्रवासाबद्दल चार वाक्ये सांगायला लावली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर ती चार दिवस शाळेत आली नाही आणि आल्यापासून माझ्याकडे पाहत नाही. त्याआधी तिने मला तीन वेळा एकच प्रश्न विचारला होता, 'सातवीचा वर्ग कुठे भरतो?' तिची सतरा वर्षांची बहीण घरीच असते. माझे नेमके काय चुकले? मी तिची माफी मागावी का?"

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा त्यातली अपराधी भावना जाणवली आणि दुसऱ्यांदा तुमची नजर जाणवली, कारण मांडीवरचे दप्तर, उलटी उघडलेली वही आणि तीनदा आलेला एकच प्रश्न या गोष्टी भरगच्च वर्गात टिपणे सोपे नसते. तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या टिपलेल्या गोष्टींतच आहे. तुम्ही त्या टेबलाच्या बाजूने पाहिल्या आहेत. आता थोडा वेळ त्या मुलीच्या बाकावर बसून पाहू.

शाळेतल्या बाई म्हणजे घरातल्याच कोणीतरी, हे आपल्या मुलांना कोणी शिकवावे लागत नाही, आणि म्हणून प्रत्येक मूल आपल्याकडे तसेच पाहते असे आपण धरून चालतो. देश सोडून आलेल्या मुलाला शिक्षक आधी या नव्या देशाचा अधिकारी वाटतो, आणि त्याला तशीच कारणे असतात. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात भारत सामील नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे अफगाणिस्तानातून आलेली अनेक कुटुंबे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या दिल्लीतील कार्यालयात नोंद करून मिळालेल्या कार्डावर दिवस काढत असतात. घर भाड्याने घेताना, बँकेत, मोबाइलच्या दुकानात ते कार्ड उलटसुलट करून पाहिले जाते, आणि हिंदी मोठ्यांपेक्षा मुलांना लवकर येत असल्याने अशा ठिकाणी दुभाष्या म्हणून बहुतेक वेळा घरातले मूलच उभे असते. आपल्या वडिलांना एखाद्या खिडकीसमोर पुन्हा पुन्हा तेच सांगावे लागते, हे पाहिलेल्या मुलीच्या नावाने दर आठवड्याला वर्गात चिठ्ठी वाचली गेली, की तुमच्या हातातला हजेरीपट आणि त्या खिडकीमागचे रजिस्टर यांत तिला फरक दिसत नाही. (जाता जाता एक योगायोग नोंदवते: दरीमध्ये 'दफ्तर' म्हणजे कचेरी. तुम्ही प्रेमाने "दप्तर खाली ठेव" म्हणता तेव्हा तिला काय ऐकू येत असेल, कोण जाणे.)

तिच्या आज्ञाधारकपणात दोन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत आणि त्या निवडून पाहायला हव्यात. उभे राहणे हा तिच्या आधीच्या शाळेचा संस्कार आहे; तिथे शिक्षकाला 'मुअल्लिम साहेब' म्हणतात आणि वर्गात त्यांचा मान मोठा असतो. तो संस्कार तिच्यापाशी राहू द्या, "इथे असे करायची गरज नाही" असे सांगून तो घाईने काढून घेऊ नका. न बोलणे मात्र बहुधा सावधपणाचे आहे. आपण काही चुकीचे बोललो तर इथूनही जावे लागेल, हा हिशेब अशा मुलांच्या मनात सतत चालू असतो, आणि नवी भाषा कानावर पडू लागल्यापासून ती तोंडात येईपर्यंत काही महिन्यांची गप्प राहण्याची पायरी असते, ती वेगळीच. त्या काळात मूल शिकत नसते असे मुळीच नाही.

आता परिपाठाकडे येते. मी ठाण्यात कोपरीला राहते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची ही जुनी वस्ती आहे, आणि रेल्वेने थोडे पुढे गेले की उल्हासनगर लागते. तिथे कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये सुमारे एक लाख माणसे उतरवली गेली होती आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीला आजचे नाव मिळाले. आमच्या शेजारचे एक आजोबा सात वर्षांचे असताना त्या छावणीत आले आणि बराकीतच भरणाऱ्या शाळेत शिकले. त्यांना दोन मास्तर होते. एक मास्तर नव्या मुलाला उभे करून मागे काय राहिले, कोण राहिले, येताना वाटेत काय झाले ते विचारत आणि ऐकताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. दुसरे मास्तर येत, फळ्यावर गणित घालत आणि प्रत्येकाजवळ जाऊन "तुझे उत्तर किती आले?" एवढेच विचारत. आजोबांना पहिल्या मास्तरांचा चेहरा आठवत नाही. दुसरे मास्तर खडू कसा धरत, हेही ते करून दाखवतात. मी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "त्या तासाला मी रेफ्यूजी नव्हतो, तिसरीत होतो."

तुमचे काय चुकले, ते या वाक्यात आले. घरी तिच्या आईवडिलांच्या बोलण्यात, घरमालकाच्या प्रश्नांत, कागदांच्या पिशवीत ती दिवसभर निर्वासितच असते. शाळेच्या फाटकातून आत आल्यावर ती सहावीतली मुलगी होते. परिपाठाच्या त्या पाच मिनिटांत तुम्ही सगळ्या शाळेसमोर तिला पुन्हा फाटकाबाहेर नेऊन उभे केले. टाळ्या वाजवणाऱ्या मुलांचा हेतू चांगला होता आणि तुमचाही होता, पण दुसऱ्या दिवसापासून त्या मुलांच्या नजरेत ती 'बिचारी' झाली असणार, आणि बारा वर्षांच्या मुलीला वर्गात ढ ठरण्यापेक्षाही बिचारी ठरणे अधिक जड जाते. शिवाय स्वतःची हकिगत कोणाला, केव्हा आणि किती सांगायची हे ठरवणे हीच त्या मुलीकडे उरलेली थोडीशी सत्ता होती. ती तुमच्याकडे पाहत नाही यात राग आहेच असे नाही. तुम्ही पुन्हा काही सांगायला लावाल ही धास्ती असू शकते.

आपल्याच राज्यातले एक उदाहरण मला या संदर्भात नेहमी आठवते. कोल्हापूरजवळ वळीवडे येथे १९४३ पासून १९४८ पर्यंत पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत रशियात हद्दपार झालेले आणि तिथून सुटून आलेले सुमारे पाच हजार लोक, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले, तिथे राहत होते. त्यांच्या शाळा पोलिश भाषेत चालत आणि शिक्षकही त्यांच्यातलेच होते. ज्या वाटेने मूल आले त्याच वाटेने शिक्षकही आलेला असला की त्याला काही विचारावे लागत नाही आणि मुलाला काही सांगावे लागत नाही. तुमच्या वर्गातली मुलगी एकटी आहे, आणि तुम्ही त्या वाटेने आलेल्या नाही. हा दोष नाही, पण हे अंतर चार वाक्यांच्या भाषणाने मिटवता येईल असे मानणे ही घाई झाली. बांगलादेशातील कॉक्स बाजारच्या छावण्यांत तर रोहिंग्या मुलांना त्या देशाचा अभ्यासक्रम शिकू दिला जात नाही. २०२१ च्या अखेरीपासून तिथे म्यानमारचा अभ्यासक्रम आणला गेला. 'तू इथली नाहीस' हे तिथे पाठ्यपुस्तकच सांगते. तुमच्या मुलीच्या पुढ्यात निदान तेच पुस्तक आहे जे शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या पुढ्यात आहे, आणि ही गोष्ट तुम्हाला वाटते त्यापेक्षा मोठी आहे.

म्हणूनच गृहपाठातली सूट मला परिपाठाइतकीच खटकली, आणि येथे मी थोडी कठोर होणार आहे. तुम्ही दयेपोटी दिलेली सवलत त्या बाकावरून अशी वाचली जाते: बाई सगळ्यांच्या वह्या तपासतात, माझी तपासत नाहीत, म्हणजे मी इथे फार दिवस राहणार नाही हे त्यांना ठाऊक आहे. पाहुण्याला कोणी भांडी घासायला लावत नाही. घरच्या मुलीला लावतात. तिला इतरांइतका गृहपाठ द्या. सुरुवातीला मराठीचा अर्धा द्या, कारण २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाल्यामुळे ही तिची एकाच वेळी शिकायची तिसरी नवी भाषा आहे. पण गणिताचा पूर्ण द्या, चुकल्यास लाल शाईने चूक दाखवा आणि केला नसेल तर इतरांना रागावता तसेच तिलाही रागवा. अशी मुले शिक्षकाच्या मायेपेक्षा त्याचा नेम पाहत असतात. बाई रोज त्याच वेळी येतात, सांगितले तेच करतात, कालचा नियम आजही असतो, हे दिसत राहिले की दप्तर एक दिवस आपोआप बाकाखाली जाते. ते कधी गेले हे पाहा, पण तसे झाल्यावर शाबासकी देऊ नका.

आणि आता तिचा प्रश्न. सातवीचा वर्ग कुठे भरतो, हे तिने तीनदा विचारले आणि तुम्ही तिन्ही वेळा "वरच्या मजल्यावर" असे उत्तर दिले असावे. अफगाणिस्तानात तालिबानची सत्ता आल्यावर सप्टेंबर २०२१ मध्ये माध्यमिक शाळा मुलांसाठी उघडल्या, मुलींसाठी उघडल्या नाहीत. मुलींना सहावीपर्यंतच शिकता येते. २३ मार्च २०२२ रोजी, नव्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या दिवशी, मोठ्या मुली दप्तरे घेऊन शाळेत गेल्या आणि काही तासांत त्यांना परत पाठवण्यात आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विद्यापीठेही मुलींना बंद झाली. तुमच्या विद्यार्थिनीची बहीण त्या वेळी सातवी-आठवीच्या वयाची असणार. ती त्या दिवशी गेली होती की नाही हे मला माहीत नाही आणि तुम्हीही विचारू नका. पण सहावी संपली की मुलीची शाळा संपते, हे या धाकटीने घरातच पाहिलेले आहे, आणि ती आज सहावीत आहे. तुमच्या हातात तिचे प्रगतिपुस्तक असणार, पुढच्या वर्गात घालणे किंवा न घालणे तिच्या समजुतीप्रमाणे तुमच्या हातात असणार, आणि अशा बाईंना ती विचारते आहे की पुढचा वर्ग खरोखर आहे का. मला तर हा तुमच्यावरच्या विश्वासाचा पुरावा वाटतो. ज्याच्याकडून खोटे उत्तर येईल अशी भीती असते त्याला मूल तीनदा विचारत नाही.

निर्वासित मुलांची शाळा मोठ्या वर्गांकडे जाताना कशी सुटत जाते, हे जगभर दिसते. उच्चायुक्तालयाच्या २०२३ च्या शिक्षणविषयक अहवालाप्रमाणे शालेय वयाच्या सुमारे एक कोटी अठ्ठेचाळीस लाख निर्वासित मुलांपैकी निम्म्याहून अधिक शाळेबाहेर होती, आणि प्राथमिकपेक्षा माध्यमिक शाळेत जाणाऱ्यांचे प्रमाण बरेच कमी होते. त्यामुळे तिची भीती केवळ काबूलपुरती खरी आहे असे समजू नका. कागद, पैसा आणि भाषा या तिन्ही वाटांनी ती इथेही खरी होऊ शकते.

कागदांचे तुमच्या मुख्याध्यापकांशी स्पष्ट बोला. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या 'प्रत्येक बालका'बद्दल बोलतो. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे त्याच्या कलम १४ मध्ये आहे, आणि वयानुरूप वर्गात बसवून मागे पडलेल्या मुलासाठी विशेष प्रशिक्षणाची तरतूद कलम ४ मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानुसार शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येत नाही. संगणकातली नोंद अपुरी राहते ही कार्यालयाची अडचण खरी आहे, पण तो मोठ्यांचा व्यवहार आहे. कार्यालयाने पालकांना बोलावून एकदाच बोलावे आणि वर्गातल्या चिठ्ठ्या आजपासून बंद व्हाव्यात. पालक येतील तेव्हा दुभाष्या म्हणून तिला उभी करू नका. स्वतःच्या तक्रारी स्वतःच्याच आईला भाषांतर करून सांगणे कोणत्याही मुलीच्या वाट्याला येऊ नये. मोडक्या हिंदीत थेट बोला, वेळ लागेल, लागू द्या. कार्डावर तिची जन्मतारीख १ जानेवारी असली तर दचकू नका; अफगाणिस्तानात सौर हिजरी पंचांगाप्रमाणे वर्ष मार्चमध्ये नवरोजला सुरू होते, आणि केवळ वर्ष ठाऊक असलेल्या माणसाच्या नावापुढे कारकून सर्रास १ जानेवारी लिहून मोकळा होतो. वर्गात वाढदिवस साजरे होत असतील तर खरी तारीख आईला विचारून घ्या.

भाषेच्या बाबतीत तुमच्या हाती एक ठेवा आहे आणि त्याची तुम्हाला कल्पना नसावी. कागद, कलम, हजर, जबाब, सवाल, मैदान, दरवाजा, नकाशा, दुकान, बाग हे सारे शब्द फारशीच्या वाटेने मराठीत आले आणि थोड्या उच्चारभेदाने ते तिच्या घरात आजही बोलले जातात. आपल्या तालमीतला वस्ताद हा तिचा उस्तादच. मराठीच्या तासाला एकदा अशा शब्दांची यादी सगळ्या वर्गाकडून करून घ्या, मात्र 'आपल्या अफगाण मैत्रिणीसाठी' असे म्हणून नव्हे. 'मराठीत बाहेरून आलेले शब्द' हा धडा म्हणून घ्या, त्यात पोर्तुगीजमधून आलेला पाव आणि बटाटाही येऊ द्या. ती हात वर करील किंवा करणार नाही. वही ती उलटी उघडत नाही, तिच्या लिपीच्या सरळ बाजूने उघडते. हे एकदा तिला म्हणून दाखवा. आमच्या शेजारचे आजोबाही सिंधी लिहिताना वही त्याच बाजूने उघडतात आणि मराठीत वाण्याची यादी लिहिताना आपल्या बाजूने. हाताला दोन्ही सवयी राहतात.

दिवाळीत फटाके सुरू होण्याआधी तिला दिवस सांगून ठेवा. ती सतत झोपाळू दिसू लागली, खाणे टाळू लागली किंवा आवाजाला थरथरू लागली तर मात्र हे काम शिक्षकाचे राहत नाही. शाळेच्या समुपदेशकांची मदत घ्या, आणि त्यांची सोय नसेल तर टेली मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर तुम्ही स्वतः फोन करून विचारू शकता.

तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेलेली थोरली बहीण माझ्या मनातून जात नाही. एका घरातून एकच मुलगी रोज गणवेश घालून बाहेर पडते आणि दुसरी दारात उभी राहून पाहते, हे धाकटीलाही सोपे नसणार. तिच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थानाचा दहावीचा मार्ग आहे. त्याची किमान वयाची अट १४ वर्षांची आहे आणि शाळेत रोज जावे लागत नाही. कागदपत्रांच्या अटी आधी विचारून घ्या, मगच कुटुंबाला सांगा. त्यांना आणखी एका बंद खिडकीसमोर उभे करू नका.

माफी मागावी का, असे तुम्ही विचारले आहे. मागावी. एकटीला गाठून, हिंदीत, दोन वाक्यांत: तुला न विचारता सगळ्यांपुढे बोलायला लावले, ते माझे चुकले, आता तुला कोणी तसे करायला लावणार नाही. तुमचे डोळे भरून येणार असतील तर ते येणार नाहीत असा दिवस निवडा, नाहीतर तुमची समजूत घालण्याचे काम तिच्यावर येईल. तिने उत्तर दिले नाही तरी थांबून राहू नका, त्याच दमात कालच्या गृहपाठाची वही मागा. आणि याच आठवड्यात एखाद्या मधल्या सुट्टीत, शक्यतो वर्गातल्या आणखी दोन-तीन मुलींना सोबत घेऊन, वरच्या मजल्यावर जा, सातवीच्या वर्गाचा दरवाजा उघडा आणि पुढच्या जूनमध्ये कोणत्या बाकावर बसायला आवडेल ते प्रत्येकीला विचारा.